मजूर म्हणजे वजाबाकी?

इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर हमरस्त्यावर लोणी देवकर नावाचं गाव आहे. तिथल्या एखाद्या शेतमजुराला विचारा, माल्थस कोण? तो म्हणेल, "आपल्याला ठावं नाय बा. नवा तलाठी आलाय का?"

दोस्तांनो, हसू नका. त्याचं उत्तर फार चुकलेलं नाही. दोनशे वर्षांपूर्वी माल्थस या तालुक्यात सारा ठरवायलाच आला होता. स्वतः आला नाही, आपला विद्यार्थी पाठवला. जमिनीचं अर्थशास्त्र शिकवणारा प्राध्यापक काय चीज असतो, हे आपल्या मुलखाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

प्राध्यापकाची ओळख करून देण्याची एक रीत आहे. अमक्या विद्यापीठाची पदवी, तमक्या विषयावर प्रबंध, इतकी वर्षं अध्यापन. टाळ्या. शाल. श्रीफळ. माझं म्हणणं एवढंच, की या यादीच्या शेवटी आपण एक प्रश्न जोडायचा : या माणसाने पोरांना कुणाला मोजायला शिकवलं? आणि कुणाला मोजायचं नाही हे शिकवलं? मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. मला हा प्रश्न विचारायचा हक्क कुठल्या विद्यापीठाने दिला नाही. तो आपल्या बापजाद्यांनी राबून मिळवलेला आहे.

आता माल्थसच्या पदव्या वाचू. थॉमस रॉबर्ट माल्थस, जन्म १७६६. केंब्रिजमध्ये गणितात नववा आला. पुढे पाद्री झाला. १७९८ साली त्याने लोकसंख्येवर पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं, की माणसं धान्यापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून भूक आणि रोग त्यांची छाटणी करत राहणार. भरल्या पोटाने लिहिलेला हा सिद्धान्त ऐकून कंपनी सरकार खूश झालं नसतं तरच नवल. १८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या कॉलेजात त्याला इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक नेमलं. हे कॉलेज नंतर हेलीबरीला गेलं. १८३४ मध्ये मरेपर्यंत तो तिथं शिकवत होता. इंग्लंडातला अर्थशास्त्राचा हा पहिला प्राध्यापक. पगार देणारी कंपनी. आणि कंपनीच्या तिजोरीत मोठा वाटा कशाचा? हिंदुस्थानातल्या शेतसाऱ्याचा. म्हणजे ज्याने हिंदुस्थानात आयुष्यात पाऊल टाकलं नाही, त्या प्राध्यापकाच्या ताटात आपल्याच ज्वारीची भाकर होती.

त्याच्या वर्गातून पोरं निघायची ती थेट कलेक्टर-असिस्टंट कलेक्टर व्हायला बोटीत बसायची. त्यातलाच एक रॉबर्ट कीथ प्रिंगल. वर्गातला हुशार पोरगा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुणे जिल्हा इंग्रजाच्या हाती आला. १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगलसाहेबाकडे जिल्ह्याची मोजणी आणि आकारणी सोपवली गेली. त्याने वर्गातलं पुस्तक काढलं.

पुस्तकात काय होतं? १८१५ च्या सुमारास माल्थस, रिकार्डो या मंडळींनी खंडाचा सिद्धान्त मांडला होता. सोपा आहे. शेतात जे पिकलं त्यातून बी वजा करा, बैल वजा करा, मजुरी वजा करा, भांडवलावरचा नफा वजा करा. खाली जो आकडा उरेल तो जमिनीच्या कसाचा प्रताप. तो कुणाच्या घामाचा नाही. मग तो सरकारने घेतला तर कुणाचं काय बिघडलं? प्रिंगलने हा निव्वळ उत्पन्नाचा आकडा काढला आणि त्याचे शंभरातले ५५ सरकारचे असं ठरवलं. १८३० साली ही आकारणी लागू झाली.

कागदावर गणित चोख होतं. पण शेताचा कस ठरवणार कोण? गावोगाव फिरणारे कारकून. त्यांना माहिती देणार कोण? पाटील आणि कुलकर्णी. ज्याच्याकडे द्यायला रुपया होता त्याची काळी जमीन कागदावर मुरमाड झाली, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याची मुरमाड काळी झाली. त्यात धान्याचे भाव पडले. इंदापूर तालुका आधीच पर्जन्यछायेतला, पाऊस आला तर आला. सारा भरायची ताकद उरली नाही. वसुलीसाठी माणसांचा छळ झाला. हे पुढे मुंबई सरकारच्या स्वतःच्याच अहवालात छापलं गेलं. लोकांनी जमिनी टाकल्या. शिवारं ओस पडली. कित्येक जण शेजारच्या संस्थानी मुलखात पळून गेले.

मग सरकारला जाग आली. १८३५ साली गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा लष्करातला इंजिनीअर याच इंदापुरात उतरले. त्यांनी सिद्धान्त गुंडाळून ठेवला. शेत हा घटक धरला, जमिनीचा कस आण्यांत मांडला, मागचा इतिहास बघून सारा उतरवला आणि १८३६ मध्ये तो ३० वर्षांसाठी कायम केला. अख्ख्या मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी पुढे याच नमुन्यावर झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. तलाठ्याच्या दप्तरातला एकर, गुंठा, सर्व्हे नंबर यांच्या मुळाशी इंदापूरची माती आहे. लोणी देवकरच्या पोरांनो, तुमच्या तालुक्याचं नाव जगभरच्या अर्थशास्त्राच्या इतिहासात आहे. तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं?

पण गोल्डस्मिड-विंगेटचाही उदोउदो नको. त्यांनी रयतेचं ओझं कमी केलं हे खरं. पण मोजलं काय? जमीन. आणि जमीनवाला. मोजणीच्या साहेबाला शीव दाखवणारा कोण होता? साहेबाच्या घोड्यापुढे धावणारा, साऱ्याची थैली खजिन्यात पोचवणारा आणि वाटेत ती लुटली गेली तर मार खाणारा कोण होता? महार. अख्ख्या गावाची हद्द ज्याच्या डोक्यात होती त्याच्या नावावर हद्दीच्या आत काय होतं? वतनाचा तुकडा. आणि त्या तुकड्याच्या बदल्यात चोवीस तासांची गुलामी. १८७४ च्या वतन कायद्याने ती गुलामी नीट शाईने लिहून काढली.

आमच्या गोदीत टॅली क्लार्क असतो. तो पोती मोजतो. जहाजातून किती उतरली, शेडमध्ये किती लागली, किती फाटली. पोत्याचा हिशेब पक्का. पण पोतं ज्या पाठीवरून गेलं त्या पाठीचा रकाना त्याच्या कागदावर नाही. टॅली क्लार्क वाईट माणूस नाही. त्याला छापील फॉर्म दिलाय, तो भरतोय. मला राग त्याचा नाही. तो फॉर्म ज्याने आखला त्याचा आहे.

माल्थसच्या शास्त्रात मजूर हा माणूस नाही, ती वजाबाकी आहे. उत्पन्नातून उणे करायची रक्कम. ही एक गोष्ट नीट ध्यानात धरा, कारण सरकार बदललं, झेंडा बदलला, पण ही वजाबाकी चालू राहिली.

इंदापूरची ३० वर्षं भरली, १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि धान्याचे भाव चढले होते. त्या चढ्या भावावर सारा वाढवला. भाव कोसळले, सारा तसाच राहिला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, कर्जरोखे जाळले. दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या उपाशी हातांनी नीरा डावा कालवा खोदायला घेतला. १८८५ मध्ये त्याला पाणी आलं. कालवा कुणी खोदला आणि ऊस कुणाचा पिकला, हे सांगायला प्राध्यापक लागत नाही.

आता दुसरा प्राध्यापक. हा आपला आहे. पण म्हणून त्याला सूट नाही, तोच प्रश्न त्यालाही.

नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०, मुंबईचं सिडनहॅम कॉलेज. अर्थशास्त्राचे प्राध्यापक भीमराव रामजी आंबेडकर. तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं? एल्फिन्स्टनमधून बी.ए. कोलंबियातून १९१५ साली एम.ए. तिथं सेलिग्मनच्या हाताखाली शिक्षण. लंडनला प्रवेश घेतलेला, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट सोडून परतलेले. राहणं परळच्या बीआयटी चाळीत. त्यांचं व्याख्यान ऐकायला बाहेरच्या कॉलेजांची पोरं येऊन बसत. आणि स्टाफरूममध्ये? तिथल्या काही प्राध्यापकांनी त्यांनी पाण्याच्या माठाला हात लावण्यावर हरकत घेतली. अर्थशास्त्र शिकलेली माणसं, बरं का! मागणी-पुरवठा पाठ, पण पाण्याचा पुरवठा जातीवर. पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये परत लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये हातात पडली.

ही यादी आपल्याला तोंडपाठ आहे. दर १४ एप्रिलला फ्लेक्सवर असते. पण १९१८ साली त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात शेतीवर एक निबंध लिहिला, "स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज". तो आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय? हात वर करा. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला. इंग्रजी जड आहे, पण विचार खणखणीत आहे.

त्या वेळचे सगळे तज्ज्ञ एक सुरात म्हणत होते, की हिंदुस्थानातली शेतं फार लहान, तुकडे-तुकडे झालेली, म्हणून शेतकरी गरीब. तुकडे जोडा, शेत मोठं करा. बाबासाहेबांनी विचारलं, शेत लहान की मोठं हे एकरावरून कसं ठरवता? शेती नुसत्या जमिनीने होत नाही. तिला औत-बैल लागतात, भांडवल लागतं, माणूस लागतो. या सगळ्यांचं आपसातलं प्रमाण बसलं तर दोन एकरही पुरतात, नाही बसलं तर वीसही बुडतात. आपल्या शेतकऱ्याकडे आहे त्या जमिनीलाच पुरेसं औत नाही, मग अजून जमीन देऊन करणार काय? आणि भांडवल का नाही? कारण जमिनीवर अशा माणसांचा भार आहे ज्यांना वर्षभर काम नाही. रिकामा माणूस खातो, पण कमवू शकत नाही. मग शिल्लक पडणार कुठून? उपाय? या रिकाम्या हातांना शेतीबाहेर काम द्या. कारखाने काढा. तेव्हा शेतीवरचा भार उतरेल, शिल्लक पडेल, शिल्लक भांडवल होईल, आणि शेत आपोआप सावरेल.

बघा, काय झालं ते. माल्थसच्या हिशेबात जी वजाबाकी होती ती बाबासाहेबांनी प्रश्नाच्या मधोमध आणून बसवली. एकराकडून त्यांनी नजर उचलली आणि रिकाम्या हाताकडे नेली. माल्थस म्हणत होता, माणसं जास्त झाली. बाबासाहेब म्हणाले, माणसं जास्त नाहीत, त्यांना बिनकामाचं ठेवलंय. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

कुणी म्हणेल, या निबंधात जातीवर फारसं काही नाही. बरोबर. पण बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. १९२८ मध्ये महार वतनाचं बिल मुंबई कौन्सिलात मांडलं. १९३६ मध्ये दाखवून दिलं, की जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. १९३७ मध्ये खोती रद्द करायचं बिल आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. त्यात कुणबी होते, महार होते, खांद्याला खांदा लावून. १९४७ मध्ये "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" मध्ये लिहून ठेवलं : शेती हा सरकारी उद्योग करा, जमीन जातपात न बघता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्या, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. हा प्राध्यापक वर्गातून बाहेर पडला तो शिकवणं सोडून नाही. त्याचा वर्ग मोठा झाला.

स्वातंत्र्यानंतर आपल्या महाराष्ट्राला मोठमोठे शेती-अर्थशास्त्रज्ञ मिळाले. धनंजयराव गाडगीळ, केंब्रिजला शिकलेले, १९३० पासून पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक. त्यांची तळमळ नाकारणार नाही. नगर जिल्ह्यातल्या लोणीला विखे पाटलांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे अध्यक्ष झाले. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून ऊसवाला सोडवला. पण सभासद कोण? ऊसवाला. ऊस कुणाचा? ज्याची जमीन त्याचा. ऊसतोडणी करणारी बाई सहकारात कुठे बसली? कारखान्याच्या फडात, पालाच्या झोपडीत. त्या लोणीपासून या लोणी देवकरपर्यंत सगळा सहकार सात-बारावरून चालत गेला, आणि ज्याचं नाव सात-बारावर नाही त्याच्या अंगावरून गेला.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये "भारतातील दारिद्र्य" मांडलं. त्यांनी भूमिहीन मोजला, हे मान्य केलं पाहिजे. त्यांचं म्हणणं पडलं, वाटायला पुरेल एवढी जमीन नाही, भूमिहीनाला कामाची हमी द्या. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. रोजगार हमीने माणसं जगवली. पण त्याआधी, ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन लाखो माणसं तुरुंगात गेली होती ती काय मागत होती? खडी फोडायची हमी? नाही. ती जमीन मागत होती. प्राध्यापकाने भूमिहीनाकडे उपाशी पोट म्हणून पाहिलं. दादासाहेबांनी त्याच्याकडे उद्याचा धनी म्हणून पाहिलं.

आणि आज? आजही कृषी अर्थशास्त्राच्या वर्गात पिकाचा उत्पादन खर्च शिकवतात. ए-टू, एफ-एल, सी-टू. बियाणं, खत, औषध, बैल, ट्रॅक्टर, पाणी, आणि त्याच रांगेत बाहेरून लावलेला मजूर. दीडपट हमीभावाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, छोटा शेतकरी मरतोय हे मला दिसतं. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये १.३४ उरली. पण सगळ्या आकडेमोडीत मजुरी वाढली की ते संकट, आणि भाव वाढला की तो न्याय, हे गणित कुणी शिकवलं? २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे ११.९ कोटी आणि शेतमजूर सुमारे १४.४ कोटी. शेतावर राबणाऱ्यांत ज्यांची संख्या जास्त, तेच हिशेबात "खर्च"! राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव आहे. जोतीबांनी "शेतकऱ्याचा असूड" लिहिला तेव्हा त्यांना कुठल्या विद्यापीठाची पदवी नव्हती. नाव घेतलंत, आता असूडही घ्या.

लोणी देवकरला आज एमआयडीसी आहे. उजनीचं पाणी तालुक्याच्या उशाशी आहे, त्या पाण्याखाली याच तालुक्यातली गावठाणं गेली. बाबासाहेबांनी सांगितलं होतं कारखाने काढा, निघाले. पण गेटवर मुकादम कोण आहे? रिकाम्या हाताला आत कायम नोकरी आहे की कंत्राटदाराची चिठ्ठी? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीवर पोट भरणाऱ्या मजुरालाही कागदावर बाधित म्हटलं. पण गावात मोबदल्याची चर्चा सात-बारावाल्याच्या ओट्यावरच होते. उद्योग आला म्हणजे बाबासाहेबांचा निबंध अमलात आला, असं कुणी सांगू लागला तर त्याला विचारा, भार कुणाचा उतरला?

म्हणून पोरांनो, आपल्यातले जे आता प्राध्यापक झालेत त्यांना भेटा. त्यांच्या पदव्यांचा मला अभिमान आहे, खोटं बोलत नाही. पण त्यांना विचारा, सर, तुमच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून काय देता? द्राक्षाच्या बागेचा नफातोटा देताच, आता एक वेगळा प्रोजेक्ट द्या. गावात महार वतनाची जमीन किती होती? १९५८ च्या कायद्याने वतनं गेली, जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. त्या आज कुणाच्या नावावर आहेत, कुणाच्या कब्जात आहेत? फेरफार काढा. वस्तीत वर्षाचे किती दिवस काम मिळतं? बाईला किती, पुरुषाला किती? कालव्याच्या पाळीत आपल्या वस्तीचं एक तरी नाव आहे का?

आणि प्राध्यापकांना वेळ नसेल तर आपण करू. मुंबईत, पुण्यात राहणारे आपण सुट्टीला गावी जातोच. जत्रेला जातो, लग्नाला जातो, मटण खाऊन परत येतो. पुढच्या वेळी खिशात वही न्या. तलाठी कार्यालयात जा, सात-बारा, आठ-अ, फेरफार मागा. नाही म्हणाला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. म्हाताऱ्यांना विचारा, आबा, आपली शीव कुठवर होती? त्यांना अजून ठाऊक आहे. ज्यांच्या बापांनी इंग्रजाला हद्द दाखवली, ते आपल्याला दाखवणार नाहीत का?

प्रिंगलकडे हेलीबरीची शिकवण होती आणि त्याने एक तालुका ओस पाडला. बाबासाहेबांकडे कोलंबियाची शिकवण होती आणि त्यांनी रिकाम्या हाताला प्रश्न बनवलं. फरक पदवीत नव्हता, बेरजेत कुणाला धरलं यात होता. पदव्यांचे फ्लेक्स खूप झाले. आता वही उघडा, आणि पहिल्या पानावर पहिलं नाव त्याचं लिहा ज्याच्या नावावर काही नाही.

जय भीम.